पू नव्हता हीच भीती होती

नाशिकला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे मी. नाइटला आलेली ही केस लिहितेय कारण ज्यांच्या घरात कोणाची केमो चालू आहे त्यांना हे माहीत असायलाच हवं.

दिंडोरीकडचे एक काका, केमोचा डोस होऊन दहाएक दिवस झालेले. घरची द्राक्षबाग, त्यात छाटणीचे दिवस, घरात बसवेना म्हणून बागेत गेले आणि तारेने बोट कापलं. रात्री ताप १०१. मुलगा सारखा म्हणत होता, "ताई, जखम तर साफ आहे, लाल नाही, पू नाही, मग ताप कशाचा?"

जांभळ्या टोपणाची रक्ताची ट्यूब मशीनला लावली तर पांढऱ्या पेशी ६००! नॉर्मल माणसाला ४,००० ते ११,००० असतात. ट्यूबमध्ये गुठळी नाही ना ते बघितलं, परत रन केलं, आकडा तोच. मग स्लाइड काढली, लिशमन स्टेन केला (म्हणजे पेशी रंगवल्या), ऑइल टाकून मायक्रोस्कोपखाली बघत बसले. एरवी फील्डगणिक दोन-चार पांढऱ्या पेशी सहज दिसतात, इथे फील्डमागून फील्ड नुसत्या लाल पेशी, मधेच एखादा लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), पण न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, शोधून सापडेनात.

आता पू म्हणजे काय, तर मुख्यतः जंतूंना गिळून मेलेले न्यूट्रोफिलच. कातडी फाटली की तिथल्या पेशी रसायनं सोडतात, त्या खुणेवर हे न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जखमेवर जमतात. रक्तात ते जेमतेम दिवसभर टिकतात म्हणून बोन मॅरो (हाडातला मगज) रोज दहा हजार कोटींच्या आसपास नवे बनवत असतो, आणि केमो भराभर वाढणाऱ्या पेशींनाच मारते त्यामुळे कॅन्सरबरोबर मॅरोही मार खातो, साधारण ७ ते १४ दिवसांत काउंट (पेशींचा आकडा) तळाला जातो. (मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये स्टारफिशच्या अळीत गुलाबाचा काटा टोचून त्याभोवती पेशी जमताना पाहिल्या, पुढे १९०८ चं नोबेल, हे शिकताना मला फार भारी वाटलं होतं.) म्हणजे काकांची जखम साफ नव्हती, तिथे लढायलाच कोणी नव्हतं. अशा पेशंटमध्ये कित्येकदा ताप हीच एकमेव खूण असते.

रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन केला. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते वाढवून बघायची टेस्ट) घेऊन तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू झालं, पुढे काउंट वाढवायची इंजेक्शनं पण दिली. घरी गोळी खाऊन सकाळची वाट बघितली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको.

काही दिवसांनी काउंट २,९०० आला, स्लाइडवर कोवळे न्यूट्रोफिल, गडद दाण्यांनी भरलेले, मी बाजूच्या टेबलावरच्यांना पण बोलावून दाखवले. तेवढ्यात मुलगा धावत आला, "ताई, आता बोट सुजलंय, पू पण झालाय!" डॉक्टरांनी बोट बघितलं, म्हणाले मॅरो जागा झालाय, आणि तो पू कल्चरला माझ्याकडेच पाठवून दिला.