बाईंची सूर्यमाला
(एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९८८)

मेहकरच्या (जि. बुलढाणा) शाळेतल्या आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी शेती होती. त्यामुळे सूर्यमालेचा धडा सुरू व्हायच्या आधीच सत्तावीसपैकी अकरा नक्षत्रांची नावं आम्हाला क्रमाने येत होती: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. ती आम्हाला पावसाची नावं वाटत. ‘पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ असं घरची म्हातारी माणसं म्हणायची, तेव्हा स्वाती हा एक तारा आहे आणि तो डोळ्यांनी दिसतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

भूगोलाच्या बाईंनी आठवीत, १९८५ च्या जूनअखेर, धडा तिथूनच उचलला. “कोणतं नक्षत्र चालू आहे रे?” त्यांनी विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “बाई, मिरग तं गेला, आता आर्द्रा चालू हाये.” “बरोबर. पण चालू आहे म्हणजे आकाशात नेमकं काय झालं?” यावर सगळा वर्ग गप्प.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि आम्हाला मैदानावर नेलं. सत्तावीस जणांचं मोठं कडं केलं, प्रत्येकाला एकेका नक्षत्राचं नाव दिलं. मधोमध एक मुलगी सूर्य म्हणून उभी राहिली. तिच्याभोवती, कड्याच्या आतून, एक मुलगा पृथ्वी होऊन चालू लागला. बाई त्याला थांबवत आणि विचारत, “सूर्याच्या पाठीमागे तुला कोण दिसतं?” तो एक पाऊल पुढे सरकला की सूर्यामागचा चेहरा बदलायचा. सूर्य जागचा हलला नव्हता, तरी पृथ्वीवरून पाहणाऱ्याला तो एका नक्षत्रातून दुसऱ्यात गेलेला दिसत होता. सूर्याची ही भासमान वाट म्हणजे क्रांतिवृत्त. ते ३६० अंशांचं. त्याचे सत्तावीस भाग केले की एकेक १३ अंश २० कलांचा (एका अंशाच्या साठ कला) होतो आणि तो ओलांडायला सूर्याला तेरा-चौदा दिवस लागतात. ७-८ जूनला मृग का लागतो आणि पंधरवड्याच्या आत आर्द्रा का येते, हे त्या दिवशी उमगलं. घरी जाऊन मी आजोबांना सांगितलं. त्यांनी पंचांग काढून माझ्याकडून पुन्हा सगळं समजावून घेतलं.

त्याच कड्यात बाईंनी पुढचा प्रश्न टाकला होता: मृगाचे तारे मृग नक्षत्राच्या दिवसांत रात्री का दिसत नाहीत? पृथ्वी झालेल्या मुलानेच सांगितलं, “बाई, ते सूर्याच्या मागे आहेत, म्हणजे दिवसा वर असतात.” मग ते दिसतात कधी? सूर्य समोरच्या बाजूला गेल्यावर, म्हणजे डिसेंबरात. तेव्हाच्या पौर्णिमेला चंद्र मृगशीर्षाजवळ असतो आणि म्हणून तो महिना मार्गशीर्ष. त्या मार्गशीर्षात बाईंनी आम्हाला रात्री शाळेत बोलावलं. मेहकरला तेव्हा रस्त्यावर दिवे बेताचेच होते, आकाश काळंभोर. मृगाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या बाणाच्या रेषेत खाली पाहिलं की लखलखणारा व्याध. शेतीच्या बोलण्यात जन्मापासून ऐकलेला मृग मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिला.

बाईंच्या शिकवण्याचं मर्म मला यातच दिसतं. परिवलन, परिभ्रमण, कक्षा, उपसूर्य, अपसूर्य, युती, प्रतियुती ही सगळी नावं पुस्तकात व्याख्येसकट छापलेली होती आणि आम्ही ती पाठ करून गुणही मिळवले असते. बाई मात्र कोणतंही नाव फळ्यावर लिहिण्याआधी ती गोष्ट आमच्याकडून करवून घेत. परिवलन म्हणजे स्वतःभोवती फिरणं, परिभ्रमण म्हणजे दुसऱ्याभोवती फिरणं, एवढं सांगून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मला चंद्र केलं. मैत्रीण पृथ्वी होऊन मध्ये उभी राहिली आणि मी तिच्याकडे सतत तोंड ठेवून तिच्याभोवती फिरले. फेरी पूर्ण झाल्यावर बाईंनी वर्गाला विचारलं, “ही स्वतःभोवती फिरली का?” बहुतेकांनी नाही म्हटलं. मग बाईंनी मला सांगितलं, “फिरताना तुला समोर काय काय दिसलं ते म्हण.” मी म्हणत गेले: शाळेची इमारत, लिंबाचं झाड, फाटक, विहीर, पुन्हा इमारत. चारी दिशा पाहून झाल्या, म्हणजे एक परिवलन झालंच होतं. चंद्राच्या दोन्ही गतींना सारखाच वेळ लागतो, सुमारे २७.३ दिवस. म्हणूनच त्याची एकच बाजू आपल्याला दिसते.

यावर एका मुलाने विचारलं, की मग अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस का? बाईंना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी मैत्रिणीलाही चालायला लावलं. मी फेरी मारून ताऱ्यांच्या हिशेबाने मूळ जागी येईपर्यंत पृथ्वी पुढे सरकलेली असायची आणि सूर्याच्या रेषेत यायला मला अजून थोडं चालावं लागायचं. तो उरलेला तुकडा म्हणजेच जादाचे सव्वादोन दिवस. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर, हेही बाईंनी त्याच तासाला सांगितलं. संकष्टीला आई चंद्रोदयाची वाट पाहत बसे. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो हे कळल्यावर कोणत्या तिथीला तो साधारण कधी दिसेल, ते मी तिला आधीच सांगू लागले.

अंतरांचा तास तर गावभर गाजला. बाईंनी एक मीटर व्यासाचं पुठ्ठ्याचं वर्तुळ शाळेच्या फाटकाला टांगलं. हा सूर्य. या प्रमाणात पृथ्वी नऊ मिलिमीटरची होते, म्हणून वाटाणा घेतला. तो १०७ मीटरवर. बुध बाजरीचा दाणा, ४२ मीटरवर. शुक्रही वाटाणाच, ७८ मीटरवर. मंगळ ज्वारीचा दाणा, १६४ मीटरवर. चंद्र मोहरीएवढा आणि पृथ्वीपासून फक्त २८ सेंटिमीटर. इथवर गंमत होती. मग एका मुलाच्या हातात बेलफळ देऊन बाईंनी त्याला ५६० मीटर मोजत पाठवलं, आणि तो वळणाआड दिसेनासा झाला. तो गुरू. कवठाचा शनी एक किलोमीटरवर. पुढची दोन लिंबं, युरेनस आणि नेपच्यून, दोन आणि सव्वातीन किलोमीटरवर न्यायची होती. ती शेवटी दोघांनी सायकलवर नेली. बाकी मधली जागा रिकामी. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह शेजारीशेजारी का काढतात ते तेव्हा कळलं: खऱ्या प्रमाणात काढायला पान पुरणार नाही. पृथ्वी-सूर्य हे सुमारे १५ कोटी किलोमीटरचं अंतर म्हणजे एक खगोलीय एकक. प्रकाशाला ते कापायला आठ मिनिटांहून थोडं अधिक लागतं. “आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा?” बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. आमच्या पुठ्ठ्याच्या सूर्यापासून तो जवळजवळ २९ हजार किलोमीटरवर येत होता. प्रकाशवर्ष हे वेळेचं नव्हे, अंतराचं माप का लागतं, हे समजवायला यापुढे काही बोलावं लागलं नाही.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला. ९ फेब्रुवारीला तो उपसूर्य बिंदूपाशी, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ होता, तेव्हा सूर्याच्या उजेडात दिसणं शक्य नव्हतं. मार्चमध्ये, परीक्षा तोंडावर असताना, बाईंनी पहाटे बोलावलं. आग्नेयेला क्षितिजाजवळ एक पुसट, धूसर ठिपका. वर्तमानपत्रांनी वर्णन केलेली लांबलचक शेपटी शोधणाऱ्यांची निराशा झाली. मला आठवतं ते बाईंचं बोलणं: सुमारे ७६ वर्षांनी एकदा येणारा हा पाहुणा नेपच्यूनच्याही पलीकडे जाऊन परततो आणि दूर असताना अगदी सावकाश चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये तो अपसूर्य, म्हणजे सूर्यापासून सर्वांत दूरच्या बिंदूवरून परतीला लागला. त्या दिवशी मी, आता स्वतः शिक्षिका, माझ्या वर्गातल्या मुलांना म्हटलं, २०६१ साली तुम्ही पन्नाशीच्या आसपास असाल, नक्की पाहा. तोवर दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याने मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी जाते आणि उल्कावर्षाव दिसतो. ऑक्टोबरातला तर आपल्या मृगाच्याच दिशेने येतो.

नववीत आमची सहल लोणारला गेली. इतक्या जवळ राहून आमच्यातल्या अनेकांनी ते सरोवर पाहिलेलं नव्हतं. काठावर उभं राहिलं की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आणि तळाशी खारं पाणी. लवणासुराची कथा आम्हाला ठाऊक होती, दैत्यसूदन मंदिरही पाहिलं. मग बाईंनी काठावर बसवून क्रम सांगितला. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरणारे खडकाळ तुकडे, ते लघुग्रह. तसला एखादा लहान तुकडा वातावरणात शिरून जळताना जी रेघ दिसते ती उल्का. पूर्ण न जळता जमिनीपर्यंत पोहोचला तर तो अशनी. लोणारला आलेला अशनी एवढा मोठा होता, की बेसाल्टमध्ये, म्हणजे इथल्या काळ्या कातळात, हे विवर झालं. पूर्वी अनेकांना हा ज्वालामुखीचा प्रकार वाटे. इथल्या खडकांतली प्रचंड दाबाने तयार झालेली काच आणि आघाताच्या खुणा तपासल्यावर, १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अशनीपातावर शिक्कामोर्तब केलं. विवराच्या वयाबद्दल अजून एकमत नाही. एक पद्धत सुमारे ५० हजार वर्षं सांगते, दुसरी ५ लाख ७० हजार. मी आता माझ्या विद्यार्थ्यांना तिथे नेते, तेव्हा हा वादही सांगते, कारण शास्त्र असं चालतं हे मुलांना लहानपणीच कळावं असं मला फार वाटतं.

२४ ऑगस्ट २००६ ला प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि १९३० पासून नववा मानलेला प्लूटो बटुग्रह झाला. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. बाई निवृत्त झाल्या होत्या. मी फोन केला. “बाई, आपण नऊ शिकलो होतो.” बाई म्हणाल्या, “अगं, मग आता मुलांना व्याख्या शिकवायला किती चांगलं निमित्त मिळालं!” आणि फोनवरच त्यांनी तिन्ही अटी माझ्याकडून वदवून घेतल्या: सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलाकार झालेलं असावं, आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. प्लूटो तिसऱ्या अटीला अडतो. १८०१ साली सापडलेला सेरेसही आधी ग्रह, मग लघुग्रह आणि आता बटुग्रह, ही आठवणही त्यांनी करून दिली.

आपल्या शाळेच्या महोत्सव समितीने माजी विद्यार्थ्यांकडून सूचना मागवल्या आहेत. आमच्या तुकडीची एक विनंती आहे. मैदानाच्या मोकळ्या कडेला एक मीटर उंचीचा शंकू, म्हणजे सावली मोजायचा उभा खांब, कायमचा उभारावा आणि त्याच्या पायाशी उत्तर-दक्षिण फरशी बसवावी. मेहकरला माध्यान्ह घड्याळात बारानंतर, साडेबाराच्या आसपास होते. त्या वेळी २२ डिसेंबरला शंकूची सावली उत्तरेकडे सुमारे ९५ सेंटिमीटर पडेल, मार्च आणि सप्टेंबरच्या संपातदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखी असताना, ३७ सेंटिमीटर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती नाहीशी होईल आणि २१ जूनला, ढग नसतील तर, चक्क दक्षिणेकडे सहा सेंटिमीटर दिसेल. फरशीवर या खुणा कोरून घ्याव्यात. आकडे मी काढून दिले आहेत. खर्च आम्ही करू. मे महिन्यात सुटी असते, तरी शून्य सावलीच्या दिवशी फाटक उघडं ठेवावं, एवढी व्यवस्था शाळेने करावी.