धड नसलेल्या माणसाच्या नादी

'एकही धड माणूस नसलेल्या कादंबऱ्या तुम्ही पुन्हा पुन्हा का वाचता?' हे मला बरेच जण विचारतात. नायक चालढकल करणारा, लबाड, आणि वर गोष्टही तोच सांगणार!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इटालियन लेखक इटालो स्वेव्होच्या 1923 सालच्या कादंबरीतला झेनो घ्या. त्रिएस्ते या बंदराच्या शहरातला हा सुखवस्तू माणूस मनोविश्लेषण करणाऱ्या डॉक्टरच्या सांगण्यावरून आठवणी लिहितो. पण पुस्तक सुरू होतं डॉक्टरच्या टिपणाने: याने उपचार अर्धवट टाकले, म्हणून सूड म्हणून हे छापतो आहे, परत आला तर कमाईत वाटा देईन. पहिल्याच पानावर निवेदकाची पत गेली. घालवणारा डॉक्टरही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

पुढे शब्दकोशाच्या पानावर वळणदार अक्षरात केलेली एक जुनी नोंद झेनोला सापडते: 2 फेब्रुवारी 1886, कायदा सोडून रसायनशास्त्राकडे, शेवटची सिगारेट. अशा 'शेवटच्या' तो ओढतच राहतो. शेवटची म्हटली की चव जास्त लागते, हे त्याचंच म्हणणं.

इथवर हसू येतं. मग वडिलांचं मरण येतं. वडिलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पडून राहायला सांगितलेलं, म्हणून झेनो त्यांना दाबून धरतो. म्हातारा धडपडत उभा राहतो, हात उगारतो, तो मुलाच्या गालावर पडतो आणि सगळं संपतं. झेनो ओरडतो, माझा दोष नाही, त्या मेल्या डॉक्टरनेच सांगितलं होतं! लगेच आपल्याला सांगतो, हे खोटं होतं. आणि लहान मुलासारखं प्रेताला वचन देतो, पुन्हा नाही करणार.

अशा निवेदनातल्या 'आयरनी'ला उपरोध म्हणायला माझी जीभ अडखळते. आपल्याकडे उपरोध म्हणजे टोमणा. इथे कोणी कोणाला टोमणा मारत नाही. लेखक डोळासुद्धा मिचकावत नाही. झेनो बोलत राहतो आणि तो सांगतो त्यापेक्षा जास्त आपल्याला ऐकू येतं, एवढंच. अँटी-हीरो, म्हणजे नायकाचे गुण नसलेला नायक, हा खलनायकच असतो असं समजणाऱ्यांची इथे निराशा होते, कारण झेनो कोणाचं मुद्दाम वाईट करायला निघालेला नाही. त्याला फक्त निर्दोष सुटायचंय.

पहिल्या वाचनात मी त्याच्यावर विश्वास ठेवला, दुसऱ्यात त्याला पकडलं. तिसऱ्या वेळी त्या 'डॉक्टरनेच सांगितलं होतं'पाशी अडकले. आमच्या घरच्या एका आजारपणात मीही सगळ्यांना हेच सांगत होते: त्यांच्याशी फार बोलू नका, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणाले होते, हे खरं. एकदाच, त्या एका रात्रीपुरतं.