स्टुटगार्टचा जिना

नाशिकच्या सातपूरमध्ये वाढलेल्या माणसाला जर्मनीतल्या स्टुटगार्टचं नाव परकं नसतं. बाबा मायकोत, म्हणजे इथल्या जर्मन कंपनीच्या कारखान्यात होते. कंपनीचं नाव बॉश होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमच्यासाठी ती मायकोच आणि तो चौकही मायको सर्कलच. 'स्टुटगार्टहून ड्रॉइंग आलंय', 'स्टुटगार्टचा साहेब उद्या शॉपमध्ये येतोय' ही वाक्यं आम्ही वरणभाताबरोबर ऐकत मोठे झालो. त्यामुळे धाकटा भाऊ नोकरीसाठी तिकडे गेला तेव्हा आईने शेजारणींना सांगून टाकलं, "वडिलांच्या हेड ऑफिसच्या गावाला गेलाय." तो दुसऱ्याच कंपनीत लागलाय, ही बारीकशी गोष्ट तिने सांगायची टाळली.

2025 च्या गणपतीत आई आणि मी त्याच्याकडे गेलो. व्हिसाचे कागद, सामानाचं वजन, विमानात सुजलेले पाय हे सगळ्यांचं सारखंच असतं, ते सोडून देते.

स्टुटगार्ट खोलगट दरीत वसलंय आणि भोवतालच्या चढांवर भर वस्तीत द्राक्षमळे आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, पण मला विचाराल तर ही सोयरीक नाशिकशी व्हायला हवी होती. खालून वर जायला गावभर दगडी पायऱ्यांच्या वाटा आहेत, चारशेहून जास्त. आईच्या गुडघ्यांमुळे आमच्या नशिबी त्या फारशा आल्या नाहीत. भाऊ राहतो डेगरलोखला, म्हणजे वरच्या अंगाला, आणि तिथे मारीनप्लाट्झहून दात्यांच्या रुळावर चढणारी एक छोटी पिवळी गाडी जाते. 1884 पासून चालू आहे. पुढे एक उघडा डबा जोडलेला, फक्त सायकली ठेवायला. "सायकलींना वेगळा डबा!" आई रोज म्हणायची. फाटक नाही, तिकीट तपासायला दारात कुणी नाही. मधूनच साध्या कपड्यातला तपासनीस येतो, आणि तिकीट नसेल तर 60 युरो दंड.

पण जर्मन वक्तशीरपणाच्या ज्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकल्या, त्या आता विसराव्यात. 2024 मध्ये तिथल्या रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62.5 टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. आम्ही उल्मला निघालो तेव्हा गाडी आधी वीस मिनिटं, मग चाळीस मिनिटं उशिरा, मग रद्द. फलाटावरची माणसं पाटीकडे बघायची, एक सुस्कारा टाकायची आणि पुन्हा मोबाइलमध्ये. पंचवटी एक्स्प्रेसचे पासवाले असते तर एव्हाना स्टेशन मास्तरच्या केबिनपाशी गर्दी झाली असती, आमदारांना फोन गेले असते आणि दोनचार नव्या ओळखीही झाल्या असत्या. खुद्द मुख्य स्टेशन 2010 पासून खोदून ठेवलंय. रूळ जमिनीखाली न्यायचेत, काम 2019 ला संपायचं होतं, अजून चालू आहे. पत्रे, बॅरिकेड, वळसे घालून जायच्या तात्पुरत्या वाटा. हे बघून आईला फार बरं वाटलं. "म्हणजे सगळीकडे तेच," म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

डेगरलोखच्या पलीकडे फिल्डरचं पठार आहे, टोकदार कोबीसाठी प्रसिद्ध. तिथे रस्त्याकडेला फुलांची शेतं असतात. सूर्यफुलं, डेलिया, ग्लॅडिओलस. शेतात माणूस नाही. एका खांबाला चाकू बांधलेला, पाटीवर कुठल्या फुलाचा काय भाव ते लिहिलेलं, आणि शेजारी फट असलेली लोखंडी पेटी. फुलं आपण कापायची, आपणच मोजायची, पैसे पेटीत टाकायचे. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. आईने फुलं दोनदा मोजली. पैसे टाकल्यावरही ती पेटीपाशी उभी. "कुणी बघत नाहीये ना?" "नाही गं." "मग यांना कळणार कसं, आपण टाकले ते?" तिला चोरीची काळजी नव्हती. आपला प्रामाणिकपणा कुणी बघितला नाही, ही तिची खंत होती.

मला जास्त लक्षात राहिली ती सुपरमार्केटची कॅशियर. ती खुर्चीवर बसलेली असते. एवढंच. पण एकदा ते दिसलं की आपल्याकडच्या साडीच्या दुकानातल्या, मॉलमधल्या मुली आठवतात, सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभ्या. बसण्याच्या हक्कासाठी केरळला 2018 मध्ये आणि तमिळनाडूला 2021 मध्ये कायदा करावा लागला. तिकडची कॅशियर बसून सामान इतक्या वेगाने सरकवते की पिशवी भरता भरता आपल्यालाच घाम फुटतो. पिशवी भरून द्यायला कुणी दादा नसतो. मागचे लोक बघत असतात. आई म्हणाली, "पैसे आपण द्यायचे आणि हमालीही आपणच करायची."

तर आता जिन्याबद्दल.

भाऊ राहतो ती चार मजली जुनी इमारत आहे, लिफ्ट नाही. गणपती बसले बुधवारी, आणि नेमका तोच आठवडा भावाच्या घराकडे सफाईचा होता. श्वाबेनमधला, म्हणजे स्टुटगार्टच्या मुलखातला हा जुना रिवाज, तिथे त्याला केअरवोखे म्हणतात. स्टुटगार्टच्या 1492 च्या नगर-नियमांपर्यंत त्याची मुळं नेतात. 1988 पर्यंत तर पालिकेची तशी सक्तीच होती. आता ते भाडेकरारात लिहिलेलं असतं. आठवडाभर जिना, तळघराचा जिना, दारासमोरचा फुटपाथ, कचऱ्याचे डबे बाहेर काढणं आणि आत घेणं हे सगळं एका घराकडे. हिवाळ्यात बर्फही काढायचा, कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत. ज्याचा आठवडा त्याच्या दाराला एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की ती पाटी शेजाऱ्याच्या दारावर जाते. आईने पहिल्या दिवशी त्या पाटीला स्वस्तिकाशेजारी बघून विचारलं होतं, "हे काय, घराचं नाव का?"

बुधवार ते शनिवार घरात नुसती ये-जा. भावाच्या ऑफिसातले मराठी, त्यांची पोरं, एक तेलुगू कुटुंब, दोन कोल्हापूरकर विद्यार्थी. आरत्या भावाने दार-खिडक्या लावून म्हटल्या, टाळ्या हळू वाजवायच्या अटीवर. जिन्यात अक्षता सांडल्या, झेंडूच्या पाकळ्या पडल्या, कोल्हापूरकरांच्या बुटांचा चिखल झाला. शनिवारी सकाळी भावाने शॉर्ट्स घातली, बादलीत कोमट पाणी आणि साबण घेतला आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. आधी झाडून घेतलं, मग ओला पोछा, मग कोरडा. कठडासुद्धा पुसला. भावजय खाली फुटपाथ झाडत होती. आई दारात उभी. नातवाला आंघोळ घालायची राहिली होती तरी हलेना.

"सणासुदीला जिने पुसतोयस?"

"माझा आठवडा आहे, आई."

"पैसे देऊन कुणी मिळत नाही का?"

मिळतं. आता तिथल्याही कितीतरी इमारतींनी हे काम कंपन्यांना दिलंय, आणि पुसायला येणारी बरीच माणसं बाहेरच्या देशांतून आलेली असतात, हेही भावाने सांगितलं. पण 2025 मध्ये तिथलं किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं, त्यावर कंपनीचा खर्च आणि नफा, आणि ते सगळं भाडेकरूंच्या बिलात येतं. तळमजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या बाईंनी इमारतीच्या बैठकीत त्याला साफ नकार दिला होता. श्वाबेनच्या लोकांच्या चिकटपणावर उरलेली जर्मनी विनोद करते, जसे आपल्याकडे कोकणस्थांवर होतात. आम्ही कोकणस्थ आहोत, तेव्हा मला त्या बाई लगेच पटल्या.

मी हे मुद्दाम लिहितेय, कारण परदेशवारी करून आलेले लोक 'तिकडे श्रमाला प्रतिष्ठा आहे' असं फार सहज म्हणतात. प्रतिष्ठा असेलही. पण मला आधी दिसला तो दर. माणसाचा तास तिथे महाग आहे, म्हणून साहेबही जिना पुसतो. आपल्याकडे तो स्वस्त आहे, म्हणून कारकुनाच्या घरीसुद्धा भांड्याला बाई. आणि दर एवढंच कारण असतं तरी बरं होतं. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो, पाया पडतो. दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या हातात असते आणि तो हात कुठल्या वस्तीतून येतो, हे आपल्याला चांगलं माहीत असतं. आमच्या सोसायटीत जिना पुसणाऱ्या मावशींची पाण्याची बाटली मीटरच्या खोलीत असते. कुणी ठेवायला सांगितलं नाही, कुणी तिथून उचलायलाही सांगितलं नाही.

हे मी रात्री आईला बोलून दाखवलं. तिचं उत्तर तयार होतं. "मावशींच्या दोन्ही मुली त्या जिन्यांवर शिकल्या. उद्या सगळे आपापले जिने पुसायला लागले तर त्यांनी काय खायचं? तुझ्या भावाने पुसला, कुणाचं भलं झालं?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. फक्त एवढंच म्हणाले, की मावशींना पगारवाढ द्यायची वेळ आली की आपल्या मीटिंगमध्ये दोनशे रुपयांवर तास जातो, तेव्हा कुणाला त्यांच्या मुली आठवत नाहीत. आई कुशीवर वळली.

रविवारी विसर्जन. रविवारी तिथे दुकानं बंद, गवत कापायचं यंत्र बंद, भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचं संरक्षण आहे, 1919 च्या वायमार घटनेतलं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन घटनेतलं कलम तसंच पुढे चालू ठेवलंय. आईने सकाळी खोबऱ्याची चटणी करायला मिक्सर काढला तर भावाने घड्याळ बघितलं. "चटणीला मुहूर्त?" शेवटी मिक्सर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवून फिरवला. मला मात्र ती शांतता आवडली. गंगापूर रोडला राहणाऱ्या आणि मिरवणुकीच्या डीजेने ज्याच्या खिडक्या थरथरतात त्या कुणालाही आवडेल.

शाडूची छोटी मूर्ती बादलीत विसर्जन केली. त्याआधी तळमजल्यावरच्या बाईंना प्रसादाला बोलावलं होतं. भावाने चिठ्ठी लिहून त्यांच्या पत्रपेटीत टाकली होती, त्यांनी उत्तराची चिठ्ठी टाकली: साडेचार. साडेचारला बेल वाजली. हातात आलुबुखारांचा केक, घरी केलेला. आईने त्यांना पाटावर बसवायचा बेत केला होता, पण गुडघे बघून खुर्ची दिली. दोघींची भाषा एक नाही, मध्ये भाऊ. बाईंनी मोदकाला किती कळ्या आहेत ते मोजलं. आईने विचारलं, "मुलं कुठे असतात?" मुलगा हॅम्बर्गला, ख्रिसमसला येतो. "बर्फ कोण काढतं?" मी काढते. त्यांनी दंडाला हात लावून दाखवला, अजून ताकद आहे म्हणून. आईला ते सहन झालं नाही. ती भावाला मराठीत रागावली, "ऐंशीच्या बाईला बर्फ काढू देता तुम्ही?" भाऊ म्हणाला, त्याने एकदा विचारलं होतं, तर बाईंना राग आला. साडेपाचला त्या उठल्या. भावजयीने सांगितलं, चार वर्षांत त्या पहिल्यांदाच वर आल्या होत्या, आणि यांनीही कधी बोलावलं नव्हतं.

सप्टेंबरात एका रविवारी द्राक्ष-बागायतदाराच्या घरच्या खाणावळीत गेलो. आपल्याच मळ्याची वाइन विकणाऱ्यांना वर्षातले चार महिने अशी खाणावळ चालवता येते, चाळीस खुर्च्यांपर्यंत, आणि उघडी आहे हे कळावं म्हणून दारावर झाडू टांगतात. आई पायरीवरच थबकली. "दारावर झाडू?" तिच्यासाठी बेकनशिवाय कांद्याचा खारा केक मिळेल का विचारलं तर नाही म्हणाले. बटाट्याचं सॅलड आणि पाव खाल्ला. आमच्या टेबलावर अनोळखी चौघं येऊन बसले, जागा तशीच वाटून घ्यायची पद्धत, आणि इतके दिवस जिन्यातही न हसणाऱ्या या लोकांनी दुसऱ्या ग्लासानंतर आईला गाणं म्हणायचा आग्रह केला. तिने 'सुखकर्ता दुखहर्ता' म्हटली. टाळ्या मोठ्याने वाजल्या.

नाशिकला परतल्यावर पहिल्याच भिशीला आईभोवती सगळ्या जमल्या. सायकलींचा डबा झाला, फुलांची पेटी झाली, खुर्चीत बसलेली कॅशियर झाली, स्टेशनचं रखडलेलं काम तर अगदी रंगवून झालं. मग कुणीतरी विचारलंच, "आणि तिकडे कामाला बाई मिळते का हो?"

"मिळते की," आई म्हणाली. "पण हे दोघं इतके टापटिपीचे, की त्यांना लागतच नाही." मी काही बोलायच्या आत तिने चिवड्याची बशी माझ्यासमोर सरकवली.