प्रत्ययांची वही: वेल्शमधला '-इस' कुठला?

या महिन्यात ठरवलेलं फारसं झालं नाही. नामाचं विशेषण करणारे प्रत्यय मी कार्डांवर टिपून डब्यांत लावून ठेवतो, आणि वेल्शच्या (वेल्समधली केल्टिक कुळातली भाषा) अशा एका प्रत्ययाने सगळे रविवार खाल्ले.

लॅटिनच्या '-ओसुस'ची कार्डं तयारच होती. 'पेरिकुलुम' म्हणजे धोका, 'पेरिकुलोसुस' म्हणजे धोकादायक. इटालियनमध्ये त्याचं 'पेरिकोलोसो' झालं, पोर्तुगीजमध्ये 'पेरिगोझु' आणि स्पॅनिशमध्ये 'पेलिग्रोसो'. स्पॅनिशने र आणि ल यांची अदलाबदल केली, आपण नुकसानचं नुसकान करतो तशी.

वेल्शमध्ये धोका म्हणजे 'पेरिग्ल'. हा लॅटिनचाच उसना शब्द. त्याचं विशेषण 'पेरग्लिस'. लिहिताना शेवटी यू-एस, म्हणून मी बिनधास्त नोंद केली होती: लॅटिनचा प्रथमेचा '-उस', 'पोपुलुस'मध्ये (लोक) असतो तोच. चूक! 'पोपुलुस'चं वेल्शमध्ये 'पोब्ल' झालंय, 'पेरिकुलुम'चं 'पेरिग्ल'. म्हणजे शेवटचं अक्षर तिथे गळूनच पडतं. मग एकटा 'पेरग्लिस'मधला '-उस' कसा टिकेल? टिकलाच नाही. '-ओसुस'मधला शेवटचा 'उस' गेला, उरला '-ओस', आणि त्या दीर्घ ओ-चा पुढे आजचा '-इस' झाला. हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

गंमत पुढेच आहे. हा पाहुणा प्रत्यय घरच्या शब्दांनाही लागतो. 'याख' (निरोगी) हा अस्सल केल्टिक शब्द, त्याचं 'याखिस', म्हणजे आरोग्याला चांगलं. आपला 'पाणीदार' आठवा: पाणी घरचं, '-दार' फारसीचा.

वेल्शचा स्वतःचा प्रत्यय '-ओग', जुन्या केल्टिक '-आकोस'पासून आलेला. 'निउल' म्हणजे धुकं, 'निउलोग' म्हणजे धुक्याचं. 'क्रेग्योग' म्हणजे खडकाळ. आयरिशमध्ये तोच '-अख' झाला. वेल्श 'मार्खोग' आणि आयरिश 'मार्कख', दोन्ही घोडेस्वार, मुळात 'घोड्याचा'.

आणि उलट्या दिशेची वाहतूक? फ्रान्समध्ये गॉल लोकांनी (तिथल्या जुन्या केल्टिक भाषकांनी) हाच '-आकोस' मागे ठेवला, लॅटिन वळणात '-आकुम'. रोमन काळात तो जमीनमालकाच्या नावाला लागायचा: 'साबिनियाकुम', म्हणजे साबिनियसची वाडी. दक्षिणेत 'क' टिकला, गावाचं नाव साविन्याक. उत्तरेत तो विरघळला, म्हणून साविन्यी. नकाशावर '-आक'वाली गावं शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. वाईनसाठी प्रसिद्ध बोर्दोजवळ तर वाईनची बाटली वाचतोय असं वाटतं.

आता ही गावं कुठल्या डब्यात ठेवायची? आज ती नुसती नावं आहेत, पण जन्म विशेषणाचा. मी विशेषणांच्याच डब्यात टाकली, लाल ठिपका देऊन.