तुम्ही विचारलंत म्हणून: घरात देवघर आहे, मग शाळेतल्या पोस्टरला विरोध का?

इथे अमेरिकेत, टेक्सास राज्यात डॅलसजवळ मराठी मंडळी जमली की हा प्रश्न येतोच, पुण्याहून मावशी पण फोनवर विचारते. तुमच्याकडे गणपती बसतो, रोज दिवा लागतो, मग शाळेत टेन कमांडमेंट्सचं, म्हणजे बायबलमधल्या दहा आज्ञांचं, पोस्टर लावलं तर तुला एवढं का लागतं, चांगलंच लिहिलंय की, चोरी करू नका, आईवडिलांचा मान ठेवा.

तर नीट सांगते. टेक्सासने २०२५ मध्ये एसबी १० नावाचा कायदा केला, सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात कमीत कमी १६ बाय २० इंचाचं पोस्टर, अक्षरं वर्गात कुठूनही वाचता येतील एवढी. कोणी पोस्टर दान दिलं की शाळेने ते लावायचंच. मजकूर पण कायद्यातच ठरवून दिलाय, आणि तो जरा पहिल्यापासून वाचा ना. चोरी आणि आईवडील नंतर येतात, सुरुवातच अशी की माझ्याशिवाय दुसरा देव मानू नका, आणि पाठोपाठ, कोरलेल्या मूर्ती करू नका. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, भाद्रपदात ती आमचा मातीचा गणपती स्वतःच्या हाताने करते, आणि गणिताच्या तासाला मान वर केली की शाळा तिला सांगणार की हे करायचं नसतं. बाईंचं सगळं खरं मानायचं वय आहे हो ते.

आणि हा फक्त आपला हिंदूंचा प्रश्न नाहीये. टेक्सासमध्ये जे पालक कोर्टात गेले त्यांत ज्यू होते, हिंदू होते, कुठलाच धर्म न मानणारे होते आणि ख्रिश्चन पण होते. कारण या आज्ञा मोजायची पद्धत ज्यूंची वेगळी, कॅथलिकांची वेगळी, प्रोटेस्टंटांची वेगळी, म्हणजे कुठली खरी ते सरकार ठरवणार का? ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल जज फ्रेड बिअरी यांनी त्या खटल्यातल्या शाळांपुरती पोस्टर लावायला तात्पुरती मनाई दिली होती. त्याच्या खूप आधी, १९८० मध्ये, केंटकी राज्याचा अगदी असाच कायदा सुप्रीम कोर्टाने रद्द केला होता, तिथेही पोस्टरचे पैसे देणगीतूनच येत होते आणि कोर्ट म्हणालं त्याने काही फरक पडत नाही.

देव शाळेत नकोच असं मी कधीच म्हटलं नाही. इथे रोज सकाळी एक मिनिट शांतता असते, त्यात ज्याला जी प्रार्थना करायची ती मनात करता येते, माझी मुलगी शुभंकरोती म्हणते, मला ते फार आवडतं. बायबल अभ्यास म्हणून शिकवायलाही १९६३ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हरकत घेतलेली नाही, तेही शिकवा. पण पोस्टर शिकवत नाही, ते नुसतं वर्षभर डोळ्यांसमोर हुकूम देत राहतं, आणि मुलांना तिथून उठून जाता येत नाही, हजेरी सक्तीची आहे.

मावशीने मग विचारलं, शाळेने गणपतीचा फोटो लावला असता तर? तरी मी नकोच म्हटलं असतं गं. माझ्या मुलीच्या शेजारच्या बाकावर एक मुसलमान मुलगी बसते, दोघी डबा एकत्र खातात, तिच्या आईला तो फोटो बघून काय वाटेल हे मला आता बरोबर कळतं.