ब्रेक पॅड बदलण्याआधी जुने पॅड नीट पाहा: माझा अनुभव

‘या मॉडेलचे पॅड टिकतच नाहीत’, ‘त्या गाडीच्या डिस्क लगेच वाकतात’, अशी ठाम मतं गाडीमालक देत असतात. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो, आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) उघडल्यावर जे दिसतं त्यावरून माझं मत असं झालंय की यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मॉडेलमध्ये नसून कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या जाम झालेल्या दोन पिनांमध्ये असतं. पॅड बदलले पण पिना साफ केल्या नाहीत, तर नवे पॅडही जुन्यांच्याच वाटेनं जातात आणि नाव मात्र गाडीचं खराब होतं.

आधी रचना. बहुतेक साध्या गाड्यांत पुढे एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो. पिस्टन आतल्या बाजूला असतो, ब्रेक ऑइलच्या दाबानं तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या उलट जोरानं कॅलिपरची अख्खी बॉडी दोन पिनांवर आत सरकते आणि बाहेरचा पॅड ओढून घेते. पेडल सोडल्यावर पिस्टन मागे घ्यायला कोणतीही स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबरी सील दाबाखाली थोडं मुरडतं, आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला अगदी किंचित मागे ओढतं. एवढ्याशा हालचालीवर सगळा खेळ असल्यामुळे जराही गंज किंवा घट्ट झालेलं ग्रीस इथे चालत नाही.

सामान असं घेतो: दोन्ही चाकांचे मिळून चार पॅड (एकाच बाजूचे कधीही नाही), पॅडचे कान (दोन्ही टोकांचे बाहेर आलेले भाग) ज्यात बसतात त्या स्टीलच्या नव्या क्लिपा, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, वायर ब्रश, मोठा सी क्लॅम्प, जाडी मोजायला व्हर्नियर आणि ठरावीक जोरानं आवळायला टॉर्क पाना. शिवाय जॅक, दोन जॅक स्टँड आणि चाकामागे लावायला ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

जमीन सपाट आणि कडक हवी. हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्या गियरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून मागच्या चाकांना ठोकळे लावायचे. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, मग गाडी उचलायची. स्टिअरिंग वळवून कॅलिपर आपल्याकडे आणला की हात चांगला पोहोचतो. एका वेळी एकच बाजू उघडतो. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहते. शिवाय दोन्ही कॅलिपर सुटे असताना एक पिस्टन आत दाबला तर दुसरा बाहेर येऊ शकतो.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवला तर बऱ्याच गाड्यांत पॅड निघतात. पण मी दोन्ही बोल्ट काढतो, कारण दोन्ही पिना बाहेर काढायच्याच असतात. सुटा कॅलिपर त्याला ब्रेक ऑइल पुरवणाऱ्या रबरी होजवर (नळीवर) लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधायचा. ब्रेकची धूळ हवेनं उडवत नाही, स्प्रे मारून ओली करून पुसतो. ती श्वासात जाणं वाईट.

आता जुने पॅड. फेकण्याआधी ते मोजायचे. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो, ३ मिमी उरला की बदलायचे. आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये थोडा फरक चालतो. तो २ मिमीच्या पुढे गेला की कारण शोधलंच पाहिजे. आतला जास्त झिजला असेल तर एक तर पिना अजिबात सरकत नसतात आणि सगळं काम पिस्टनच्या बाजूलाच होत असतं, किंवा पिस्टन परत येत नसतो आणि पॅड कायम घासत असतो. बाहेरचा जास्त झिजला असेल तर दाबाच्या जोरावर कॅलिपर सरकतो, पण सोडल्यावर मोकळा होत नाही. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ दिसला तर दोनपैकी एकच पिन जाम आहे आणि कॅलिपर तिरका बसतोय. डाव्या चाकाचे दोन्ही पॅड ठीक आणि उजव्याचे दोन्ही संपलेले असतील, तर उजव्या बाजूचा पिस्टन किंवा होज तपासावा. होज बाहेरून चांगला दिसत असला तरी आतून सुजून बंद होऊ शकतो. मग दाब जातो, पण परत येत नाही.

पिस्टन की होज, हे ओळखायची सोपी चाचणी आहे. क्लॅम्पनं पिस्टन हळूहळू आत दाबायचा. एकसारख्या जोरानं जात असेल तर उत्तम. अडला तर कॅलिपरच्या ब्लीडर निपलवर (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या तोटीवर) पारदर्शक नळी लावून निपल थोडा उघडायचा आणि पुन्हा दाबायचं. आता सहज गेला तर अडथळा होजमध्ये आहे. तरीही अडत असेल तर पिस्टन गंजलाय, कॅलिपर खोलून सील बदलावे लागतील किंवा कॅलिपरच नवा घ्यावा लागेल. ही चाचणी केली असेल तर शेवटी त्या चाकाच्या ब्रेक ऑइलमधली हवा काढावीच लागते.

दाबण्यापूर्वी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीकडे नजर टाकायची. पॅड झिजतात तशी ऑइलची पातळी खाली येते, ते नैसर्गिक आहे. मधल्या काळात कुणी वरून भरलं असेल तर पिस्टन आत जाताना ऑइल उतू जातं आणि रंग खातं. सिरिंजनं थोडं आधीच काढून घ्यावं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं.

पिनांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. वरची कुठली आणि खालची कुठली यावर खूण करायची, कारण अनेक कॅलिपरमध्ये एकीच्या टोकाला रबरी बाही असते आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढायचं. पिनेवर गंजाचे खड्डे किंवा ओरखडे दिसले, किंवा ती जरा जरी वाकलेली असली, तर घासत बसू नये, नवी घ्यावी. भोकाच्या आतही ग्रीसचा कडक झालेला थर असतो, तोही काढावा लागतो. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. जास्त भरलं तर पिन आत जाताना हवा आणि ग्रीस कोंडतं आणि पिन पूर्ण बसत नाही. साधं लिथियम ग्रीस किंवा इंजिन ऑइल इथे लावूच नये. त्यानं रबर फुगतं, आणि फुगलेल्या रबरानं तीच पिन काही महिन्यांत पुन्हा जाम होते. ‘ग्रीस करूनही जाम झाली’ असं ऐकलं की मी आधी ग्रीस कुठलं होतं ते विचारतो. पिनेचा रबरी बूट (आवरण) फाटला असेल तर पाणी आत जाणारच, तोही बदलायचा. काम नीट झालं असेल तर पिन दोन बोटांनी सहज आतबाहेर होते.

यानंतर ब्रॅकेट, म्हणजे कॅलिपर आणि पॅड ज्यावर बसतात ती चौकट. जुन्या क्लिपा काढल्या की त्यांच्याखाली गंजाचा थर दिसतो. हा गंज वाढत जाऊन क्लिप वर उचलतो, खाच अरुंद होते आणि पॅडचे कान त्यात अडकतात. पिना कितीही चांगल्या असल्या तरी असा अडकलेला पॅड डिस्कवरून मागे हटत नाही. वायर ब्रशनं आणि गरज पडली तर कानशीचा हलका हात फिरवून धातू उघडा करायचा, मग नव्या क्लिपा. नवा पॅड बोटाच्या जोरानं खाचेत सरकला पाहिजे. हातोडीनं ठोकून बसवलेला पॅड म्हणजे पुढच्या तक्रारीची तयारी.

डिस्कची जाडी कडेपासून साधारण १० मिमी आत, चार-पाच ठिकाणी मोजायची. कडेला न झिजलेला काठ राहतो, म्हणून व्हर्नियर त्या काठावर टेकवून मोजू नये. मायक्रोमीटर असला तर उत्तम. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर डिस्क बदलायची, आणि त्याही जोडीनंच. ‘डिस्क वाकली’ असं ज्याला म्हणतात ते बहुधा वाकणं नसतंच. हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावर गंज राहिला किंवा चाकाचे नट कमीजास्त आवळले की डिस्क किंचित डुगडुगते. प्रत्येक फेऱ्यात ती एकाच जागी पॅडला घासते आणि हळूहळू जाडी असमान होते. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरकही पेडलवर थरथरीच्या रूपात जाणवू शकतो. म्हणून नवी डिस्क घालताना हबचं तोंड चकचकीत होईपर्यंत साफ करतो, आणि नट समोरासमोर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं आवळतो. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल स्प्रेनं धुवायला विसरायचं नाही.

पॅड बसवताना झीज दाखवणारी पत्री असलेला पॅड बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला येतो. मॅन्युअलमध्ये पाहून खात्री करावी. पॅडच्या कानांवर आणि पाठीवर जिथे धातू धातूला टेकतो तिथे अगदी थोडं ग्रीस. घर्षणाच्या पृष्ठभागाला ग्रीसचं बोटही लागू देऊ नये. पिनांचे बोल्ट अनेक गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन-मीटर आणि चाकाचे नट ९० ते १२० न्यूटन-मीटर एवढे आवळतात, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. हे सगळं पुढच्या चाकांचं झालं. मागच्या डिस्कमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असेल तर अनेकदा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, आणि बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड (दुरुस्तीसाठी हँडब्रेक मोकळा करणारी सोय) लावावा लागतो. तिथे क्लॅम्पचा जोर लावला तर यंत्रणा मोडते.

दोन्ही बाजू झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबायचं. पिस्टन मागे गेलेले असल्यामुळे पहिले काही दाब रिकामे जातात. इंजिन सुरू करून तसंच निघालं तर पहिल्या वळणावर ब्रेक नसतो. मग डबीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आणायची.

ब्रेक ऑइल मी दर दोन वर्षांनी पूर्ण बदलतो. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्यानं त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ब्रेक ऑइलच्या प्रती डॉट ३, डॉट ४ अशा आकड्यांनी ओळखतात. डॉट ४ चा मानकानुसार किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा मुरल्यावर १५५. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की कॅलिपरमधलं ऑइल उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. रंगावरून फार काही कळत नाही. झाकण उघडून वर्षभर पडलेल्या बाटलीतलं ऑइल वापरू नये. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळत नाही. डॉट ५.१ हे त्याहून वेगळं, ते डॉट ४ च्याच जातीचं आहे.

बदलायला एक लिटर पुरतं. दोघं लागतात: एक पेडलवर, एक चाकाजवळ. पेडल दाबून धरल्यावर निपल पाव फेरा उघडायचा, ऑइल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत जाऊ द्यायचे, निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो, म्हणजे पेडल तळापर्यंत जात नाही आणि मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या पंपाची) सील कधी न वापरलेल्या गंजक्या भागावर घासत नाहीत. सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) काही गाड्यांत क्रम निराळा असतो. डबी मधेच रिकामी झाली आणि एबीएसमध्ये हवा शिरली, तर ती काढायला स्कॅनर लागू शकतो. म्हणून दर चार-पाच दाबांनी डबी भरायची.

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम जोरानं वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थंड व्हायला वेळ द्यायचा, असं आठ-दहा वेळा. तापलेले ब्रेक दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि थरथर सुरू होते. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना कचकन ब्रेक मारू नये. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासतो, आणि ब्रेक फारसा न वापरता थोडं चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही डिस्कचं तापमान बघतो. एक बाजू बरीच गरम असेल तर तिथे काहीतरी अजून अडतंय.

आता भरवशाचा प्रश्न. पॅड किती टिकतात याचं एकच उत्तर नाही: शहरातली गर्दी, गाडीचं वजन, उतारावर गियरचा वापर, यानं दुपटीचाही फरक पडतो. पिना साफ आहेत, चारही पॅड सारखे झिजताहेत आणि तरीही ते लवकर संपताहेत, एवढं दाखवता आलं तरच मी मॉडेलला दोष देतो. त्यासाठी दर १०,००० किलोमीटरला, टायरची अदलाबदल करताना, चारही पॅडची जाडी आणि ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवतो. ११ मिमीचा पॅड २०,००० किलोमीटरला ८ मिमी झाला असेल, तर ३ मिमीपर्यंत आणखी ५ मिमी, म्हणजे तशाच वापरात साधारण ३३,००० किलोमीटर उरले. हिशेब चौघांपैकी सर्वांत पातळ पॅडवर करायचा, सरासरीवर नाही.