आबांची लिव्हरवाली

लिव्हर-ॲक्शन रायफल बघितली की माझं डोकं फिरतं. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवतो, दिवसभर लोखंड कापतो. चापाखालची कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी बाजूनं उडते, कडी वर घेतली की नवं काडतूस नळीत. हे बघताना मला बंदूक दिसतच नाही, जमून आलेलं मशीन दिसतं. २०२२च्या पावसाळ्यात काम थंड होतं, तेव्हा ठरवलं की आपल्याला एक पॉइंट टू-टूची, म्हणजे .२२ बोअरची, बारीक गोळीची लिव्हरवाली पाहिजे. डबे उडवायला. बास.

डीलरनं चहा पाजला आणि स्वप्न उतरवलं. हेन्री म्हणा, मार्लिन म्हणा, या अमेरिकन लिव्हरवाल्या नव्या कोऱ्या मिळायच्या नाहीत. खासगी माणसानं परदेशातनं हत्यार मागवायची वाट १९८०च्या दशकातच बंद झाली. जी रायफल आधीपासून देशात आहे, तीच एका परवान्यावरनं दुसऱ्या परवान्यावर फिरते आणि प्रत्येक फेरीत महाग होते. "देशी पाहिजे तर इशापूरच्या सरकारी कारखान्याची बोल्टवाली बघा, नाहीतर कुणाची तरी जुनी ब्रनो, चेक बनावटीची." भाव ऐकून मी कप खाली ठेवला.

घरी जेवताना आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे वडील, तेव्हा वय पंचाहत्तर. भाकरी मोडत म्हणाले, "मग आबांची काय वाईट हाय रं?"

आबांची म्हणजे कपाटातली 'सशाची बंदूक'. लहानपणापासून तिला हेच नाव, त्यामुळं ती नेमकी कुठली हे बघायचं कधी सुचलंच नाही. आबांनी ती १९६१ साली बेळगावच्या एका निवृत्त फौजदाराकडनं घेतलेली. कापड सोडून नळीवरची अक्षरं वाचली: मार्लिन, मॉडेल ३९-ए. मी दोन महिने मोबाईलवर जिचे फोटो बघत होतो ती माझ्याच घरात, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली! पिशवीच्या तळाला चार आण्याचं एक नाणं होतं. ते कशाला, म्हणून विचारलं. आप्पांनी ते रायफलीच्या उजव्या अंगाच्या मोठ्या स्क्रूच्या खाचेत घातलं, फिरवलं, आणि रायफल मधनं दोन तुकडे होऊन हातात आली. त्यामुळं नळी मागनं साफ करता येते, पुढच्या तोंडाशी सळी घासत नाही. नळीचं तोंड झिजलं की नेम गेलाच. चार आणे २०११ साली चलनातनं गेले, आमच्या घरात अजून चालतात.

आबा हिच्यावर ससे आणि होले मारायचे, राधानगरीच्या अंगाला. तेव्हा त्यात कुणाला काही वाटायचं नाही. कोल्हापूरला शिकारीचा नादच होता. संस्थानात चित्ते पाळून काळवीट मारायचे, आणि दाजीपूरचं जंगल अभयारण्य झालं ते १९५८ साली, त्याआधी ते महाराजांचं शिकारीचं रान. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि सशाची बंदूक कपाटात गेली. आता ससा मारला तरी तो गुन्हाच. गावाकडचे लोक अजून म्हणतात, "दादा, डुकरं लई माजल्यात, आणा की तुमची." त्यांना सांगून दमलो. एक तर वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकराला हात लावता येत नाही. आणि परवानगी मिळाली तरी बावीसची गोळी रानडुकराला घालणं म्हणजे त्याला जखमी करून उसात सोडणं. पुढं त्या उसात खुरपायला जाणाऱ्या बाईचं काय?

आप्पांकडं तीन हत्यारं होती: ठासणीची, बारा बोअरची आणि ही. २०१९च्या दुरुस्तीनं एका परवान्यावर दोनच ठेवता येतात असं झालं, तेव्हा त्यांनी ठासणीची जमा केली. ती माझ्या पणजोबांची होती. त्यावर आमच्या घरात अजून नीट बोलणं झालेलं नाही.

आता माझ्या नावावर कशी येणार? शस्त्र नियम २०१६ मध्ये सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगून झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा वारसाला परवाना मागता येतो. आप्पा दोन्हीकडनं पास. २०२३च्या जूनमध्ये अर्ज ऑनलाइन भरला, त्याची प्रत घेऊन नागाळा पार्कात कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत. सोबत आप्पांचं संमतीपत्र, सांगलीच्या ताईची स्टॅम्प पेपरवर हरकत नसल्याची सही (तिनं सहीच्या बदल्यात एक पैठणी मागितली, ती अजून बाकी आहे), शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, आणि घरात ते कुलपात ठेवीन अशी हमी. मग पोलीस चौकशी. हवालदार शेजारच्या काकूंना विचारून गेले, हा माणूस भांडतो का. काकूंनी पार्किंगवरनं झालेला वाद सांगितला. सुदैवानं मी भांडतो पण ओरडत नाही, असंही सांगितलं.

एक गोष्ट मात्र आधी करा: रायफल क्लबचं सभासदत्व. शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ची रायफल असं सरळ म्हटलेलं आहे. "कशाला पाहिजे?" या प्रश्नाला "आवड आहे हो" हे उत्तर टेबलापलीकडच्या माणसाला पुरत नाही.

परवाना फेब्रुवारी २०२४ मध्ये हातात पडला. पहिल्या रविवारी क्लबच्या रेंजवर गेलो, आप्पा सोबत. तिथल्या कोचनी रायफल बघितली, कौतुक केलं आणि मग माझा तेरा वर्षांचा पोरगा बघून म्हणाले, "ही ह्याला शिकायला देऊ नका."

मला राग आला. पण त्यांचं कारण ऐका. लिव्हरवालीची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या बारीक नळीत एकामागोमाग बसतात, 'लाँग रायफल' जातीची एकोणीस. आत किती उरली ते बाहेरनं दिसत नाही. शेवटचं एखादं आत अडकून राहतं आणि रिकामी समजून ठेवलेली बंदूक भरलेली निघते. म्हणून आतली पितळी नळी पूर्ण ओढून काढायची, कडी चार-पाच वेळा मारायची, शिवाय काडतूस बसतं त्या कोठीत बोट घालून बघायचं. आमच्या जुन्या मार्लिनला वेगळा सेफ्टी खटकासुद्धा नाही, घोडा अर्ध्यावर ठेवायचा एवढीच सोय. मोठ्या माणसाचा अंगठा घोड्यावरनं घसरला तर काय, तिथं पोराचं काय सांगायचं? शिकणाऱ्याला एका वेळी एकच गोळी पाहिजे. मारली, थांबला, बघितलं, परत भरली.

मला स्वतःला दुसरंच काहीतरी खटकत होतं. मी डबे उडवायला रायफल मागत होतो, पण उडवणार कुठं? आमचं शेत तीन बाजूंनी उसात. बावीसच्या काडतुसाच्या खोक्यावर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो, म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. उसात माणूस दिसत नाही. पाणी पाजणारा असतो, तोडणी टोळीची पोरं पाचटात झोपलेली असतात. बांधावर डबा ठेवून मारायचं म्हणजे डोळे झाकून मारायचं. आणि हे कुणी कायदा दाखवण्याआधी आप्पांनीच सांगितलं, आबांनी उसाकडं तोंड करून कधी बार काढला नाही म्हणून.

तेव्हा निवड अशी झाली. लिव्हरवाली फक्त रेंजवर. घरी पोरासाठी छऱ्याची बंदूक, पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन (.१७७) बोअरची, देशी बनावटीची, नळी मोडून एक छर्रा भरायची. वीस ज्यूलच्या आतली, म्हणून तिला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन मिळाली. मागच्या पडवीत जुन्या पोत्यांत वाळू भरून, त्याच्यामागं फळ्या ठोकून आडोसा केला. डबा नाही, कागद लावतो. डब्यावरनं छर्रा उलटा येतो, माझ्या चष्म्याला एक खूण आहे.

रेंजवर मार्लिननं पहिल्या दिवशी माझी लाज काढली. पन्नास मीटरवर पाच गोळ्या बशीएवढ्या पसरल्या. मला वाटलं नळी गेली. मी टर्नर, लगेच झिजेचा विचार. कोच म्हणाले, "काडतूस बदला." वेगवान होती ती ठेवून हळू जाणारी, रेंजवरची नेहमीची घेतली. आप्पांनी टेबलावर हात टेकून पाच मारल्या आणि पाचही मिसळीच्या पावात मावल्या असत्या. त्याच नळीतनं, दुर्बीण न लावता, उघड्या माशीवर. म्हणाले काही नाहीत, फक्त पुंगळ्या वेचायला वाकले. प्रत्येक नळीची आपली एक आवड असते म्हणतात. आमचीची कळायला दोन खोकी गेली, आणि परवान्यावर एका वेळी किती, वर्षाला किती हे लिहिलेलं असतं, त्यामुळं जपून.

रेंजवर जवळच्या लेनमध्ये पोरी-पोरं बोल्टवाल्या बावीसवर झोपून मारतात. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली ती याच .२२वर, ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात. त्यांच्या टार्गेटचा दहाचा गोल साडेदहा मिलिमीटरपेक्षाही जरा लहान. आमचा पाव काढून दाखवायला लाज वाटते.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. रायफल ठाण्यात जमा. पावती घेतली आणि विसरलो. जूनमध्ये परत आणली तेव्हा पाऊस लागला होता आणि कडीवर तांबूस ठिपके. ठाण्याला बोल लावून उपयोग नाही, तेल न लावता दिली होती मीच. आप्पांनी चार आणे काढले, स्क्रू फिरवला, आणि रविवारची पूर्ण दुपार आम्ही दोघं अंगणात तेलाचं फडकं घेऊन बसलो.

१ ऑगस्टला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला रायफलमध्ये ब्राँझ घेतलं. संध्याकाळी गल्लीत फटाके, आणि पोरगा पडवीत अंधार पडेपर्यंत कागदाला भोकं पाडत होता. छऱ्यांचा डबा आठवड्यात संपला.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. या वेळी आप्पांनी रायफल स्वतः पुसली, तेल दिलं, लुगड्यात गुंडाळली. ठाण्यात हवालदारांनी वहीत लिहिता लिहिता विचारलं, "सोबत आणि काय?" मी काडतुसं सांगितली. आप्पांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "आणि काय न्हाई."